जिवाणूला आत्ता आपण कुठे आहोत असं वाटतंय?

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करणारी मुलं उन्हाळी प्रकल्पासाठी लॅबमध्ये येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो. ‘मॅडम, कॉलराचं विष कुठल्या जनुकांपासून तयार होतं हे तर पुस्तकातच आहे. मग आता त्यात शोधायचं काय उरलंय?’ प्रश्न रास्त आहे. मी स्वतः या विषयात आले तेव्हा माझ्याही मनात तो होता, आणि त्याचं नीट उत्तर मिळालं म्हणूनच मी इथे टिकले. जिवाणूजवळ एखादं जनुक असणं आणि त्याने ते वापरायला काढणं, यांत फार मोठं अंतर आहे. हे अंतर समजून घेण्यात माझी पीएचडी गेली आणि त्यानंतरची वर्षंही त्यातच चालली आहेत. ज्यांना या वाटेने यायचं आहे त्यांना सुरुवातीला कोणी सांगत नाही अशा काही गोष्टी इथे लिहिते आहे.

कॉलराचा म्हणजे पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, कायम माणसाच्या पोटात राहत नाही. खाडीच्या मचूळ पाण्यात, कोपेपॉडसारख्या बारीक कवचधारी जिवांच्या अंगाला चिकटून तो वर्षानुवर्षं राहू शकतो. तिथे कॉलराचं विष बनवून त्याला फायदा काही नाही, आणि प्रथिनं बनवायला लागणारी ऊर्जा मात्र खर्च होते. दूषित पाण्याच्या घोटाबरोबर तो पोटात जातो, जठरातल्या आम्लातून जेवढे वाचतात तेवढे लहान आतड्यात पोचतात, आणि तिथे काही तासांत त्यांचं वागणं पार बदलतं. अंगावर पिली नावाचे तंतू उगवतात, त्यांच्या आधाराने ते एकमेकांना धरून वस्ती करतात, विष बाहेर टाकू लागतात. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा संच, खाडीत होता तोच आहे. काही जनुकं चालू झाली, काही बंद झाली, एवढाच फरक. हे कशावरून ठरलं, कोणत्या प्रथिनाने ठरवलं आणि नेमकं केव्हा, हा आमचा विषय.

म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगते: ‘जिवाणूला आत्ता आपण कुठे आहोत असं वाटतंय?’ प्रयोग आखताना, निकाल वाचताना, दुसऱ्याचा शोधनिबंध तपासताना हाच प्रश्न विचारायचा. फ्लास्क हीसुद्धा जिवाणूसाठी एक जागाच आहे. आपण त्यात जे ओततो, ज्या तापमानाला ठेवतो, जितकं हलवतो, त्यावरून तो काहीतरी निष्कर्ष काढत असतो.

विषयाचा इतिहास थोडा तरी माहीत हवा, कारण त्यातूनच पुढचे प्रश्न सुटे होत जातात. १९५९ मध्ये शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात दाखवून दिलं की जिवाणू गाळून टाकलेला नुसता द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवू शकतो. म्हणजे रोग घडवणारी वस्तू जिवाणू बाहेर टाकतो, ती त्याच्यापासून वेगळी करता येते. साध्या साधनांनी केलेला हा प्रयोग आजही विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा असा आहे. पुढे या विषाची रचना समजली: एक ए घटक आणि त्याला घेऊन जाणारे पाच बी घटक. बी घटक आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ नावाच्या रेणूला चिकटतात, ए घटक आत जाऊन पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीत निरोप पोचवणारा रेणू, वाढवतो, क्लोराइडचे मार्ग उघडतात आणि क्लोराइडमागोमाग पाणी बाहेर येतं.

जनुक कोण चालू करतं, हा प्रश्न १९८४ मध्ये व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी सोडवायला घेतला. त्यांची युक्ती मला अजूनही फार आवडते. विषाच्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जिथून जनुक वाचायला सुरुवात होते तो भाग, त्यांनी लॅकझेड या जनुकाला जोडला, कारण ते चालू झालं की त्याचं एन्झाइम रंगावरून सहज मोजता येतं, आणि ही जोडणी ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूत ठेवली. ई. कोलायमध्ये तो प्रमोटर जवळजवळ झोपलेलाच. मग कॉलराच्या डीएनएचे तुकडे एकेक करून त्यात घातले आणि कुठल्या तुकड्यामुळे लॅकझेड जागं होतं ते पाहिलं. त्यातून सापडलं टॉक्सआर. १९८७ मध्ये कळलं की हे प्रथिन पेशीच्या आतल्या पटलात बसलेलं असतं. त्याचं एक टोक आत, डीएनएला धरणारं, आणि दुसरं टोक पटलाबाहेरच्या पोकळीत. बाहेरची खबर आणि आतला डीएनए एकाच रेणूला स्पर्श करतात, ही कल्पना त्या काळी नवी होती. १९९१ मध्ये साखळीतली पुढची कडी मिळाली, टॉक्सटी. पिली आणि विष या दोहोंची जनुकं प्रत्यक्ष चालू करणारं प्रथिन हे. टॉक्सआर आणि त्याच्यासारखंच पटलात बसणारं टीसीपीपी मिळून टॉक्सटीला चालू करतात, टीसीपीपीला एएफए आणि एएफबी चालू करतात, आणि या सगळ्यांवर एच-एनएस नावाचं प्रथिन डीएनएला बिलगून त्यांना गप्प ठेवायला बघत असतं.

पहिल्या महिन्यात ही साखळी पाठ करून टाका. आकृती न बघता काढता आली पाहिजे. सेमिनारमध्ये प्रश्न येतात ते कोण कोणाला चालू करतं हे दाखवणाऱ्या बाणांवर येतात: हा बाण थेट बंधनाचा की आडून? जेलवर दाखवलेला की नुसत्या म्युटंटवरून, म्हणजे जनुक बिघडवलेल्या जिवाणूवरून, अनुमान काढलेला? कोणत्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे जिवाणूच्या कुठल्या वाणात? कुठल्या माध्यमात, म्हणजे त्याला वाढवायच्या कुठल्या द्रवात? प्रत्येक बाणामागे एक प्रयोग असतो, आणि तो प्रयोग माहीत नसेल तर बाण माहीत आहे असं समजू नये.

विषाची जनुकं मुळात कॉलराची नव्हेत, हेही लक्षात ठेवा. १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी दाखवलं की ती एका जिवाणूभक्षक विषाणूबरोबर, सीटीएक्स-फाय फाजबरोबर, आली आहेत. आणि हा फाज पेशीत शिरायला धरतो कोणाला, तर त्याच पिलीला. म्हणजे टॉक्सटीने पिली चालू केल्याशिवाय विषाची जनुकं नव्या पेशीत पोचत नाहीत, आणि पोचल्यावर त्यांना चालू करणाराही टॉक्सटीच. बाहेरून आलेल्या जनुकांनी या नियामकाचा असा ताबा मान्य कसा केला, यावर आजही काम करण्यासारखं पुष्कळ आहे.

आता प्रत्यक्ष बाकावरच्या गोष्टी. सुरुवातीलाच गोंधळात टाकणारी बाब ही की कॉलराच्या क्लासिकल प्रकारच्या स्ट्रेन, उदाहरणार्थ ओ३९५, लॅबमध्ये विष उत्तम बनवतात ते ३० अंश सेल्सियसला आणि पीएच ६.५ च्या माध्यमात. ३७ अंश आणि पीएच ८.५ ठेवलं तर ही साखळी बंद पडते. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ आणि आतड्यातलं वातावरण अल्कलीकडे झुकणारं, मग हे उलटं कसं? याचं पूर्ण समाधान देणारं उत्तर नाही, आणि ते नाही म्हणूनच हा प्रश्न चांगला आहे. त्यातच २०१४ मध्ये असं दिसलं की टॉक्सटीच्या आरएनएच्या सुरुवातीला एक घडी असते, ती थंडीत राइबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, वाट देत नाही आणि ३७ अंशाला उलगडते. म्हणजे एका पातळीवर ३७ अंश अनुकूल आणि दुसऱ्या पातळीवर, निदान लॅबमधल्या माध्यमात, प्रतिकूल. दोन्ही निकाल आपापल्या जागी खरे आहेत. अशा ठिकाणी कोणता निकाल खोटा ठरवायचा याची घाई करू नये. दोन्ही फ्लास्कमध्ये जिवाणूला आपण कुठे आहोत असं वाटत होतं, ते विचारावं.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे, नवीन आलेल्या प्रत्येकाकडून मी तो करवून घेते. ओ३९५ आणि त्याचा टॉक्सटी नसलेला म्युटंट, दोन्ही पीएच ६.५ च्या एलबी या नेहमीच्या माध्यमात ३० अंशाला रात्रभर वाढवायचे. सकाळी नळ्या न हलवता स्टँडवर ठेवायच्या. म्युटंटची नळी एकसारखी गढूळ दिसते. मूळ स्ट्रेनच्या नळीत वरचं माध्यम निवळत जातं आणि तळाशी पांढुरका गाळ बसतो. नळी हळूच तिरकी केली तर गाळ ढगासारखा उठतो, पूर्ण विरघळत मात्र नाही. हा गाळ म्हणजे पिलीने एकमेकांना धरून ठेवलेले जिवाणू. कुठलंही यंत्र न वापरता टॉक्सटी चालू आहे की बंद हे तुम्ही बघितलंत. असंच दुसरं, टॉक्सआर म्युटंट खरोखर म्युटंट आहे का याची पहिली तपासणी प्रथिनांच्या साध्या जेलवर होते. बाह्य पटलातलं ओएमपीयू हे प्रथिन टॉक्सआरमुळे बनतं, आणि टॉक्सआर नसलं की त्याच्याऐवजी ओएमपीटी वर येतं. दोन्ही ४० किलोडाल्टनच्या आसपास, त्यामुळे जेल थोडी सावकाश आणि लांब चालवा म्हणजे दोन पट्ट्या सुट्या दिसतील. पीसीआरने म्युटेशन आहे एवढं कळतं, त्याचा परिणाम होतोय की नाही हे ही पट्टी सांगते.

एल टोर या कॉलराच्या दुसऱ्या प्रकाराचं आणखी वेगळं. १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झालेली सातवी महासाथ याच प्रकाराची, त्यामुळे आज महत्त्व त्याला जास्त. पण साध्या एलबीमध्ये तो विष जवळजवळ बनवतच नाही. त्यासाठी इवानागा यांनी १९८० च्या दशकात बसवलेलं एकेआय माध्यम लागतं: पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, मीठ आणि ०.३ टक्के सोडियम बायकार्बोनेट. बायकार्बोनेट ऑटोक्लेव्ह करायचं नाही, वेगळं गाळून ऐनवेळी घालायचं. नळी जवळजवळ काठोकाठ भरून ३७ अंशाला चार तास स्थिर ठेवायची, मग तोच द्रव फ्लास्कमध्ये ओतून जोरात हलवत वाढवायचा. आधी कमी हवा, मग भरपूर हवा. ही कृती ‘प्रोटोकॉल’ म्हणून मुलं यांत्रिकपणे करतात आणि एखादा दिवस घाईत नळी अर्धीच भरतात. मग विष मोजलं की आकडा तळाला गेलेला असतो आणि दोष विष मोजायला वापरलेल्या अँटिबॉडीला दिला जातो. नळी किती भरायची हे का लिहिलंय, याचा विचार केला असता तर आठवडा वाचला असता.

बायकार्बोनेट महत्त्वाचं का, याचा उलगडा नंतर झाला. आतड्याच्या पेशी बायकार्बोनेट सोडतात, आणि त्याच्या सान्निध्यात टॉक्सटीचं काम वाढतं, हे २००९ मध्ये दिसून आलं. उलट बाजू त्याआधीच कोलकात्यात उघड झाली होती. भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेत रुख्साना चौधुरी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की पित्तामुळे विष आणि पिली दोन्ही घटतात आणि जिवाणूची हालचाल वाढते. २००७ मध्ये त्यांनीच पित्तातल्या असंतृप्त मेदाम्लांवर बोट ठेवलं. २०१० मध्ये टॉक्सटीची स्फटिकरचना आली आणि त्या प्रथिनाच्या पोटात पामिटोलेइक आम्लाचा रेणू बसलेला सापडला! मेदाम्ल बसलं असेल तर टॉक्सटी डीएनएला नीट धरत नाही. आता आतड्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पोकळीत पित्त आहे, तिथे साखळी गप्प आणि पोहणं जोरात. श्लेष्मा ओलांडून पेशींच्या जवळ गेलं की पित्त कमी, बायकार्बोनेट जास्त, तिथे साखळी चालू. दोन-चार रेणूंच्या आधारे जिवाणू स्वतःची जागा ओळखतो आहे. फिजिऑलॉजी, जनुकशास्त्र आणि स्फटिकशास्त्र या तिन्हींची गाठ इथे पडते. या विषयात आल्याचं समाधान मला सर्वांत जास्त याच ठिकाणी वाटतं.

क्वोरम सेन्सिंग, म्हणजे आपली दाटी किती झाली हे जिवाणूंनी ओळखणं, याबद्दल थोडक्यात. पुस्तकं वाचून समज होतो की जिवाणू दाटीवाटीने जमले की रोगकारक जनुकं चालू करतात. कॉलरात उलट आहे. संख्या कमी असताना साखळी चालू राहते, दाटी झाली की हॅपआर हे प्रथिन एएफएला बंद करतं आणि तिथून खाली सगळं शांत होतं. तर्क असा मांडला जातो की तोवर जिवाणूला रुग्णाबाहेर पडायची तयारी करायची असते.

इथे स्ट्रेनचा मुद्दा येतो, आणि तो मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे. २००० साली ज्या स्ट्रेनचा जीनोम पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला ती एन१६९६१. दोन गुणसूत्रं, सुमारे ४० लाख बेस जोड्या. साहजिकच सगळे प्रायमर, म्हणजे पीसीआरसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, तिच्यावरून बनतात आणि जनुकांचे क्रमांकही तिचेच वापरले जातात. पण या स्ट्रेनमध्ये हॅपआर जनुकच नैसर्गिकरीत्या बिघडलेलं आहे. तिच्यात क्वोरम सेन्सिंगचा प्रयोग केला तर ‘परिणाम नाही’ असंच उत्तर येणार, आणि ते उत्तर कॉलराबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून लोक सी६७०६ ही दुसरी स्ट्रेन वापरू लागले. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने दाखवलं की लॅबांमध्ये फिरणाऱ्या सी६७०६ च्या काही प्रतींमध्ये लक्सओ या जनुकात बदल झालेला आहे आणि त्यांचंही क्वोरम सेन्सिंग अधू आहे. एकाच नावाची स्ट्रेन, दोन लॅबांत दोन स्वभाव. क्षयाच्या जिवाणूचंही असंच उदाहरण आहे. एच३७आरव्ही रोग करते, तिचीच बहीण एच३७आरए करत नाही, आणि त्यामागच्या कारणांपैकी एक मोठं कारण फोपी या नियामक प्रथिनातला एका अमिनो आम्लाचा बदल हे आहे. म्हणून फ्रीझरमधून काढलेल्या नळीवरचं नाव वाचून काम सुरू करू नका. ती कुठून आली, कोणाकडून, किती वेळा पुन्हा वाढवली गेली, हे विचारा. नियामक जनुकं सीक्वेन्स करून घ्या. संपूर्ण जीनोम वाचून घेणं आता पूर्वीसारखं महाग राहिलेलं नाही. मिळाल्याच दिवशी स्ट्रेनचा ग्लिसरॉल साठा करा आणि प्रत्येक प्रयोग त्या साठ्यापासून सुरू करा, महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटवरून नव्हे.

तंत्रांपैकी सगळ्यात आधी शिकावं ते बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे लॅकझेडपासून बनणारं एन्झाइम, याचं मापन. जुनं आहे, स्वस्त आहे, आणि हात बसला की फार विश्वासू आहे. प्रमोटर लॅकझेडला जोडलेला, पेशी क्लोरोफॉर्म आणि एसडीएसने सच्छिद्र केलेल्या, त्यात ओएनपीजी, म्हणजे या एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन, घालायचं आणि घड्याळ लावायचं. पिवळा रंग चढू लागतो. हलका, लिंबासारखा पिवळा दिसला की सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवायची आणि नेमकी वेळ लिहायची. गडद होईपर्यंत थांबलात तर वाचन सरळ रेषेच्या बाहेर जातं, मग दोन स्ट्रेनमधला खरा फरक दिसत नाही. एक खाचखळगा कॉलरापुरता: या जिवाणूकडे स्वतःचं लॅकझेड आहे. त्यामुळे ते काढून टाकलेली स्ट्रेनच वापरायची, नाहीतर तुम्ही प्रमोटरऐवजी त्याचं घरचं एन्झाइम मोजत बसाल.

आरएनए मोजताना आमचा कायमचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नमुना बर्फावर ठेवून तुम्ही दुसऱ्या कामाला गेलात, तर जिवाणूच्या दृष्टीने एकदम थंडी पडलेली असते आणि जनुकं त्याप्रमाणे बदलू लागतात. आरएनए स्थिर करणारं द्रावण आधीच नळीत भरून ठेवा, कल्चर सरळ त्यात घाला. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरल्यावरही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, प्रत्येक वेळी लावा. प्रथिनं शुद्ध करायची असतील तर आधीच सांगून ठेवते, टॉक्सटी त्रास देतं. ते सहज न विरघळणाऱ्या गोळ्यात जातं, म्हणून बरेच जण ते माल्टोज-बंधक प्रथिनाला जोडून बनवतात. टॉक्सआर तर पटलातलंच. या दोन्हींच्या शुद्धीकरणासाठी वेळापत्रकात महिने धरा, आठवडे नव्हे.

लॅबमधली साखळी शरीरात तशीच चालते का? १९९९ मध्ये अँड्र्यू कॅमिली आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात बघितलं तेव्हा पिलीचं जनुक आधी चालू झालं, विषाचं नंतर, आणि विषाचं चालू होणं पिलीवर अवलंबून होतं. नळीत ही अट दिसत नाही. २००२ मध्ये ढाक्यातल्या रुग्णांच्या शौचातून घेतलेले जिवाणू लॅबमध्ये वाढवलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक संसर्गक्षम निघाले. प्राण्यांवरचं काम हाती घेण्याआधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते, जनुकीय फेरबदलाच्या कामाला जैवसुरक्षा समितीची. अर्ज, बैठक, शंका, पुन्हा अर्ज यात वेळ जातो. पीएचडीच्या पहिल्या वर्षातच हे कागद हलवा. स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये रेणवीय कॉख निकष मांडले होते: जनुक काढलं की रोगकारकता घटली पाहिजे, परत दिलं की परतली पाहिजे. यातलं ‘परत देणं’ मुलं टाळू बघतात, कारण ते किचकट असतं. परीक्षक मात्र तेच पहिल्यांदा विचारतात.

कुठल्या जिवाणूवर काम करावं, असं विचाराल तर माझा कल उघडच आहे. पण लिस्टेरियाचं पीआरएफए, डांग्या खोकल्याच्या बोर्डेटेलाची बीव्हीजी प्रणाली, साल्मोनेलाचं फोपी-फोक्यू, स्टॅफिलोकॉकसचं एजीआर, ही सगळी नियामकं तेवढीच समृद्ध आहेत. क्षयावर काम करायचं तर एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटाने शोधलेल्या डेव्हआर-डेव्हएस या नियामक जोडीपासून वाचायला सुरुवात करा, म्हणजे प्राणवायू कमी झाल्यावर हा जिवाणू काय करतो ते समजेल. फक्त एक हिशेब डोक्यात ठेवा: कॉलराचा जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो, क्षयाच्या जिवाणूला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, शिवाय बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जिवाणूंसाठीची कडक सुरक्षेची, सुविधा लागते. पाच वर्षांत किती प्रयोग होतील हे यावर ठरतं. घाईचा स्वभाव असेल तर क्षय निवडू नका. चिकाटी असेल तर त्या क्षेत्राला माणसांची गरज आहे.

पीएचडीच्या प्रवेशपरीक्षांचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, तरी लिहिते. सीएसआयआर-यूजीसी नेटची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती), जैवतंत्रज्ञान विभागाची बेट, गेट आणि काही संस्थांसाठी जेजीईईबिल्स. २०२३ च्या जानेवारीपासून जेआरएफला दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्ती) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. नेटच्या अभ्यासात लॅक आणि ट्रिप ओपेरॉन (एकत्र चालू-बंद होणारे जनुकगट) नीट केलेला विद्यार्थी आमच्या विषयात लवकर रुळतो, कारण तर्क तोच आहे. मुलाखतीत माझ्यासारखे लोक यादी विचारत नाहीत. आम्ही एक म्युटंट देतो आणि विचारतो, ‘यात विष कमी झालंय. हे नियामक विषाच्या प्रमोटरवर थेट बसतं हे कसं दाखवाल?’ तिथे जेल शिफ्ट (प्रथिन बसलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो तो प्रयोग) म्हणून थांबू नका. कंट्रोल कोणता, स्पर्धक डीएनए कोणता, बंधनाची जागा बदलल्यावर काय अपेक्षित आहे, हे बोला.

पीएचडीनंतर सगळे पोस्टडॉकच करतात असंही नाही. लसनिर्मिती, निदानचाचण्या, रुग्णालयांचे सूक्ष्मजीव विभाग, जीनोम माहितीचं विश्लेषण, या ठिकाणी नियमनाची समज असलेली माणसं लागतात. शिवाय रोगकारकता बंद पाडणाऱ्या औषधांचा विचारही सुरू आहे. टॉक्सटीला अडवणारा व्हर्स्टॅटिन हा रेणू २००५ मध्ये मेकॅलॅनोस यांच्याच गटाकडून आला. असा रेणू जिवाणूला मारत नाही, फक्त त्याची साखळी बंद करतो, त्यामुळे प्रतिरोध वाढायचा दबाव कमी राहील अशी आशा आहे. त्यातून औषध अजून आलेलं नाही. माझ्या मते रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर विष बनून गेलेलं असतं, ही यातली खरी अडचण आहे. रुग्णाच्या घरातल्या इतरांना आधीच देता येईल का, हा विचार जास्त उपयोगी वाटतो.

लॅब निवडताना मार्गदर्शकाचे शोधनिबंध वाचाच, पण तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी एकटं बसून बोला. निकाल उलटा आला तर लॅबमध्ये काय होतं, हे त्यांना विचारा. वह्या कशा ठेवतात ते बघा. चांगल्या वहीत माध्यमाचा बॅच क्रमांक, पीएच मोजल्याची वेळ, फ्लास्कचं माप आणि त्यात भरलेला द्रव, शेकरचा वेग, कल्चर काढतानाची ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, हे सगळं असतं. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये २५ घेतले की १०० यावरून जिवाणूला मिळणारी हवा बदलते, आणि हवेवरून त्याला आपण कुठे आहोत ते कळतं. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतःची मापं मागून घ्या, पीएच मीटर स्वतः कॅलिब्रेट करायला शिका, आणि ओ३९५ ची ती नळी एकदा ३० अंशाला आणि एकदा ३७ अंशाला लावून बघा.